न रांगणारे मूल आणि अंगणवाडीतील निरीक्षणाची नोंदवही

देवगडजवळच्या अंगणवाडीत पदविकेचा प्रकल्प करताना आपण विचारले आहे की मुलांच्या वाढीच्या नोंदी कशा ठेवाव्यात, आणि दहा महिन्यांचे एक मूल अजून रांगत नाही, तर त्याला ‘मागे पडलेले’ असे लिहावे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

तेवढ्यावरून तसे मुळीच लिहू नये. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या हालचाली नोंदवून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत रांगण्याचा काळ सुमारे ५ ते १३.५ महिने आणि आधाराशिवाय चालण्याचा ८ ते १७.६ महिने असा बराच रुंद आहे. शिवाय सुमारे ४ टक्के मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरीही पुढे चालू लागली. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले होते का, हे मात्र आईला अवश्य विचारावे. तसे असल्यास वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते.

त्यानंतर मुलाला रांगायला जागा मिळते का, ते पाहावे. आपल्याकडे पावसाळ्यात जमीन ओलसर असते, खळे चिखलाने भरते, आई लावणीला जाते आणि मूल बहुतेक वेळ आजीच्या कडेवर किंवा झोळीत राहते. हे न लिहिता केवळ ‘रांगत नाही’ एवढीच नोंद केली, तर ती त्या मुलावर अन्याय करणारी ठरते. म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख, पूर्ण महिन्यांत वय, जागा, जवळ कोण होते आणि मुलाने नेमके काय केले, हे लिहावे. आपला अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवावा. बोलण्याची नोंद करताना मुलाचे मालवणी शब्द जसेच्या तसे उतरवावेत, कारण घरी भरभरून बोलणारे मूल पुस्तकी मराठीतल्या प्रश्नापुढे गप्प बसते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि परिसरातल्याच वस्तू शिकण्याची साधने म्हणून वापरल्या. आपणही विकतच्या ठोकळ्यांऐवजी शिंपले, करवंट्या आणि आठळ्या पुढे ठेवून पाहा. ओळखीच्या वस्तू हाताळताना मूल जे दाखवते, ते मला नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटत आले आहे.

वजनाच्या बाबतीत एका आकड्यापेक्षा वाढीच्या तक्त्यावरील रेषेची दिशा महत्त्वाची. दोन वर्षांपर्यंत लांबी झोपवून आणि पुढे उंची उभे करून मोजावी. दोन्ही पद्धतींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो.

मूल आवाजाकडे वळत नसेल, एकच हात वापरत असेल किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरले असेल, तर मात्र प्रकल्प पूर्ण होण्याची वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीसाठी येते. त्याआधीच सेविकाताईंना सांगून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.