कडा कापू नका

प्रश्न : १९८७ च्या पावसाळ्यात माझ्या चित्रकार मित्राने रामकुंडापाशी बसून जलरंगात गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती रंगवला. छत्री मी धरली होती. चित्र वाळलं तसं त्याने ते मला देऊन टाकलं. आता कागदावर तपकिरी ठिपके आलेत. फ्रेमवाला म्हणतो, पुसून, कडा सरळ कापून नवी फ्रेम करतो. मुलीला ते दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापायचंय. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : आधी चित्र घरी आणा. ओला बोळा फिरला की गोदेचं गढूळ पाणी मारुतीच्या शेंदरावर चढेल. (पाणी कुठवर रंगवलंय हो? आपण नाशिककर पूर त्या मारुतीवरच मोजतो, म्हणून विचारलं.)

ठिपके बहुधा बुरशीचे. पावसाळ्यात भिंत ओल धरते, कागद काचेला चिकटलेला असतो, मागच्या हार्डबोर्डातलं आम्ल कागद पिवळा करतं. ठिपके काढणं हे कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराचं काम, घरी प्रयोग नकोत. नवी फ्रेम जरूर करा, पण काच कागदाला टेकणार नाही असा जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घ्या आणि मागे अॅसिड-फ्री बोर्ड. ओल येणारी भिंत नको, ऊनही नको. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही.

आता कडा. मी जन्मभर चित्रकला शिकवली, तरी हे पाप माझ्याही हातून घडलंय. तयार फ्रेम स्वस्तात मिळाली म्हणून माझ्या मित्राच्या चित्राची खालची दोन बोटं पट्टी मी ब्लेडने उडवली. तिच्यावर त्याने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तुझ्या चहाच्या बदल्यात’. मी ते कधी वाचलंच नव्हतं. तो घरी आला, भिंतीजवळ जाऊन चित्राच्या खालच्या कडेला काहीतरी शोधत राहिला, तेव्हा उलगडलं. बोलला काही नाही. त्या दिवशी चहाही घेतला नाही. तुमचं चित्र फ्रेममधून काढाल तेव्हा कडा नि पाठ दोन्ही नीट बघा.

छापण्याबद्दल : कागद तुमचा, पण छापण्याचा हक्क चित्रकाराचाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. तुम्ही मित्राबद्दल ‘होता’ असं कुठेच लिहिलेलं नाही. मग फोन करा की त्याला. ठिपक्यांचंही सांगा.