'ऑरेंज' हा शब्द खरंच आपल्या 'नारिंग'वरून आला का?

हो. बडोद्यात फळवाला 'नारंगी' म्हणतो, तोच हा शब्द. संस्कृत 'नारंग' फारसीतून अरबीत जाऊन 'नारंज' झाला, तिथून युरोपात गेला. 'अ नॉरेंज'चं 'ॲन ऑरेंज' इंग्रजांनी केलं, असं सर्रास सांगतात. ते चूक आहे. सुरुवातीचा 'न' फ्रेंचमध्येच गळाला होता, इंग्रजीला शब्द मिळाला तोच 'न'विना. इंग्रजीत खरोखर 'न' हरवला तो 'एप्रन'चा. मूळ शब्द 'नेप्रन'. 'अ नेप्रन' बोलताना 'ॲन एप्रन' ऐकू येतं, आणि लोक तसंच लिहू लागले. क्रिकेटचा 'अंपायर'ही असाच. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'नॉनपेर', म्हणजे जोडीबाहेरचा तिसरा, दोघांत निवाडा करणारा. फार नेमका शब्द आहे हा! रंगाला 'ऑरेंज' मात्र फळानंतर, 16व्या शतकात म्हणू लागले.