घाटावर दिलेला शब्द

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू विचारलेल्या प्रश्नांना मी "सावकाश सांगतो" एवढेच म्हणालो आणि विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आले असणार. उत्तर टाळायचे नव्हते. त्या क्षणी माझा आवाज नीट निघत नव्हता. म्हणून आज डब्लिनच्या या रिकाम्या घरात बसून हे पत्र लिहितो आहे.

तुझे प्रश्न तीन होते. आत्याच्या दहाव्याला पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा काकापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे हात जोडून तिला वचने का देऊ लागले, हा पहिला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला, ती फसवणूक नव्हती का, हा दुसरा. आणि तिसरा, ज्याने माझा आवाज बसला: "बाबा, तू तिथे असतास तर काय म्हणाला असतास?"

आपल्याकडे अशी समजूत आहे की गेलेल्या माणसाची एखादी इच्छा राहिली असेल, तर दहाव्या दिवशी ठेवलेल्या भाताच्या पिंडाला कावळा शिवत नाही. मग घाटावर जमलेली माणसे "कशात जीव अडकलाय कोण जाणे" असे एकमेकांना विचारू लागतात. कोणाचा जीव धाकट्या मुलीच्या लग्नात असतो, कोणाचा फेडायच्या राहिलेल्या कर्जात, तर कोणाचा मागे एकट्या राहिलेल्या बायकोत. ज्याला जे सुचेल ते तो पुढे होऊन म्हणतो, "त्याची काळजी करू नका, आम्ही आहोत." कावळ्याला हे कळते असे मला वाटत नाही आणि तुला तसे वाटावे असा माझा आग्रहही नाही. पण त्या अर्ध्या तासाला मी फार मानतो. दहा दिवस माणूस आपल्याच दुःखात बुडालेला असतो, "आता माझे कसे होणार" याच्या पलीकडे त्याला काही सुचत नाही. आणि त्या घाटावर त्याला पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या बाजूने विचार करावा लागतो, तिचे काय राहिले आहे हे आठवावे लागते, आणि जे आठवले ते चार माणसांसमोर मोठ्याने बोलावे लागते. मनातल्या मनात केलेला संकल्प दुसऱ्या दिवशी विरून जातो. घाटावर बोललेले शब्द काकूंनी ऐकलेले असतात आणि त्या वर्षभराने विचारतातही.

दर्भाच्या कावळ्याला फसवणूक म्हणू नकोस. पावसाळ्यात, खडकवासल्यातून पाणी सोडलेले, नदी घाटाच्या पायऱ्यांना लागलेली, अशा सकाळी कावळे न येणे अगदी साहजिक आहे, आणि हे ज्यांनी ही रीत घातली त्यांनाही ठाऊक होते. कावळा आला नाही म्हणून मागे राहिलेल्यांनी जन्मभर मनाला लावून घेऊ नये, यासाठी ही सोय आहे. तिच्यात मला दया दिसते. मात्र दिलेल्या वचनासाठी अशी कोणतीही सोय आपल्या रीतीत ठेवलेली नाही. कावळा दर्भाचा चालतो, शब्द दर्भाचा चालत नाही.

आता आत्याविषयी सांगतो, कारण तू तिला सुट्टीतली, आंब्याच्या फोडी करून देणारी आत्याआजी म्हणून ओळखतेस. नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी सात वाजता सतरंजी पसरली जायची आणि मंडईतल्या भाजीवाल्यांची, फुलांच्या पुड्या बांधणाऱ्यांची, आसपासच्या घरी धुणे-भांडी करणाऱ्या बायकांची मुले तिच्याकडे गणित शिकायला येऊन बसायची. तिने कधी एक पैसा घेतला नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर तिने हा वर्ग एक दिवसही चुकवला नाही. वहीचा खर्च मुलांच्या घरच्यांवर पडू नये म्हणून ती पाठकोरे कागद जमवायची: छापखान्यातली रद्दी, मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेची पाने, ऑफिसांतून टाकून दिलेले तक्ते. ते सारख्या मापाने कापायचे, मांडीवर ठोकून कडा जुळवायच्या आणि दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवायचे. मी सातवीत असताना तिच्याशेजारी बसून हे काम करत असे. गाठ मारल्यावर ती दोऱ्याची टोके बोटभर लांब सोडायची. मी एकदा ती कात्रीने छाटायला गेलो, तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "राहू दे. वही संपली की याच टोकांना पुढची पाने जोडता येतात." मी इंजिनिअर झालो तो त्या सतरंजीवर बसून, हे मी तुला पूर्वीच सांगायला हवे होते.

ती गेल्याचे कळले तेव्हा इथल्या राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण अडकलेले होते आणि मला देशाबाहेर पडता येत नव्हते. तिला वैकुंठ स्मशानभूमीत नेले तेव्हा मी कामावरच्या खुर्चीत बसून होतो. पुढचे दहा दिवस माझ्या हातून काहीही नीट झाले नाही. काही चांगले घडले की हात आपोआप फोनकडे जाई, आणि मग आठवे की हे ऐकणारे माणूस आता त्या टोकाला नाही. ज्याच्याकडे पाहून आपण चालायला शिकलो ते माणूस गेले की रस्ता तोच असतो, पण पाऊल कुठे टाकायचे ते सुचत नाही.

या दिवसांत मला वारंवार आठवल्या त्या सावित्रीबाई फुले. गंज पेठेतल्या फुले वाड्यात तुला मागच्या खेपेला नेले होते. वाड्यामागे जोतीरावांच्या समाधीचे तुळशी वृंदावन आहे, ते तुला आठवत असेल. जोतीराव 28 नोव्हेंबर 1890 रोजी गेले. अंत्ययात्रेत जो पुढे टिटवे, म्हणजे मातीचे मडके, धरून चालतो तो वारस, अशी रीत. आणि यशवंत दत्तक मुलगा असल्यामुळे त्याने ते धरू नये, असा वाद भाऊबंदांनी घातला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन प्रेतयात्रेच्या अग्रभागी चालल्या. त्या काळी बाईने स्मशानाच्या वाटेवर पाऊल टाकणेही आक्रीत होते. जोतीरावांनी भटभिक्षुकांच्या हातून होणारे विधी नाकारले होते, त्यामुळे पिंड आणि कावळा या गोष्टी त्यांच्या घरच्या नव्हेत, हे तुला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ते मडके हाती धरणे हाच मला त्यांचा जाहीर शब्द वाटतो, आणि त्यांनी तो पाळला. सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पुढे नेले, 1893 साली सासवडला भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. 1897 साली पुण्यात प्लेगने माणसे पटापट मरू लागली, तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंताच्या दवाखान्यात त्या रुग्ण घेऊन जात. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून तिथे नेले, त्यातून त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. जोतीराव गेल्यानंतरची ही सहा-सव्वासहा वर्षे त्या नवऱ्याच्या आठवणींत बसून राहिल्या असत्या, तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

मात्र सगळ्यांनी लगेच उठून कामाला लागावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. न्यायमूर्ती रानडे जानेवारी 1901 मध्ये गेले, आणि ज्या रमाबाईंना त्यांनीच लिहायला-वाचायला शिकवले होते, त्यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन उभे राहिले ते 1909 साली. मधली वर्षे वाया गेली असे मी म्हणणार नाही. घाटावर शब्द दिला म्हणून दुःख संपत नाही. तेराव्याला गोडाचे जेवण होते, सुतक फिटते, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि खरे रडू बऱ्याचदा त्यानंतर येते. तुझी आजी आता दुपारी एकटी बसत असेल, तर तिच्याजवळ जाऊन बस. काही बोलले पाहिजे असे नाही.

आता तुझा तिसरा प्रश्न. मी तिथे असतो तर काय म्हणालो असतो, याचा मी दोन्ही रात्री विचार केला. "आत्या, तुझे नाव राखीन," असे काहीतरी मोठे तोंडात येत होते, पण तिला असली वाक्ये आवडत नसत, "म्हणजे नेमके काय करशील?" असे तिने विचारले असते. म्हणून नेमके लिहितो, आणि घाटावर नव्हतो म्हणून तुला साक्षीला ठेवतो. दर शनिवारी आणि रविवारी पुण्याचे संध्याकाळचे सात, म्हणजे सध्या इथले दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात घड्याळे मागे गेली की दीड, या वेळेला मी दहावीच्या मुलांना गणित शिकवीन. काकाशी बोलणे झाले आहे. सतरंजी तो घालणार आहे, पडद्यासाठी जुना टीव्ही भिंतीला लावणार आहे. शेजारच्या काकूंनी घाटावर मुलांच्या चहा-बिस्किटांचे पाहण्याचा शब्द दिला होता, तो त्या पाळतीलच. बाकीच्या पाच दिवसांचे काय करायचे ते अजून सुटलेले नाही. आत्याच्या एका जुन्या विद्यार्थिनीला विचारले आहे, तिचे उत्तर यायचे आहे.

मला हे नीट जमेल की नाही याची धास्ती वाटते. ती फळ्याकडे पाठ करून मुलांच्या चेहऱ्याकडे पाहत शिकवायची आणि कोणाला कळले नाही हे तिला भुवईवरून ओळखता येई. मला पडद्यावर भुवया दिसणार नाहीत.

तुझ्याकडे दोन कामे आहेत. मुले बीजगणितात कुठवर आली आहेत ते त्यांच्या वह्या पाहून मला कळव, आणि कोणाची वही संपत आली असेल तर तेही. आणि खिडकीजवळच्या फडताळात, वरच्या खणात, निळ्या डब्यात दोन दाभणे आहेत. एक काकाकडे तिथेच राहू दे. दुसरे येताना घेऊन ये, पण मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेव. हातातल्या पिशवीत ठेवलेस तर विमानतळावर काढून घेतील.

तुझा,
बाबा