अपोरिया म्हणजे संभ्रम नव्हे

प्रश्न असा आला आहे: “प्लेटोचं ‘मेनो’ इंग्रजीतून वाचतोय, टिपणं मात्र मराठीत काढतोय. त्यातल्या ‘अपोरिया’ या ग्रीक शब्दाला ‘संभ्रम’ लिहिलं तर चालेल ना? आणि ‘डायलॉग’ म्हणजे दोघांचं बोलणं. मग जिथे पाच-सात जण बोलतात त्याला काय म्हणायचं?”

दुसरा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. ‘डायलॉग’मध्ये ‘दोन’ नाही. तो ग्रीक ‘दि’ (दोन) नसून ‘दिआ’ आहे. अर्थ ‘मधून, आरपार’. ‘दिआलेगेस्थाइ’ म्हणजे बोलत बोलत एखाद्या विषयातून पार जाणं. ‘डायलेक्ट’ही त्यातलाच, आणि बोलीला दोनच माणसं लागतात असं अजून कोणी म्हटलेलं नाही. ‘दिआ’चंच मूळ ‘दोन’शी जोडणारे व्युत्पत्तीकार आहेत. असेल तसं, पण अथेन्समध्ये बोलताना कोणी माणसं मोजत नव्हतं. प्लेटोच्याच ‘सिंपोझियम’मध्ये प्रेमावर बोलायला फीड्रसपासून अल्किबायडीसपर्यंत सात जण आहेत, तरी तो डायलॉगच. हा घोटाळा नवा नाही म्हणा. 14व्या शतकात विक्लिफ या इंग्रज धर्मपंडितानं तीन पात्रांच्या लॅटिन ग्रंथाला ‘ट्रायलॉगस’ असं नाव दिलं होतं. तेव्हा परिसंवादात ‘आज आपण ट्रायलॉग करू या’ म्हणणाऱ्यांना वडीलधाऱ्यांचा आधार आहे, व्याकरणाचा नाही. मराठीत सरळ ‘संवाद’ लिहा. फक्त एक गंमत ध्यानात असू द्या: संस्कृतात ‘संवाद’चा एक अर्थ ‘एकमत होणं’ असाही आहे, म्हणून तर उलट ‘विसंवाद’. सॉक्रेटिसच्या गप्पा बहुतेक वेळा ज्या वळणावर संपतात ते पाहता हे नाव जरा थट्टेचंच वाटतं.

आता अपोरिया, म्हणजे बोलता बोलता पुढे काय ते सुचेनासं होतं ती अवस्था. ‘संभ्रम’ लिहू नका. एक तर हा शब्द फिरता आहे: संस्कृतात मूळची लगबग, घाईगर्दी, आपल्याकडे गोंधळ, आणि बेळगाव ओलांडून कन्नड मुलखात गेलात की ‘संभ्रम’ म्हणजे आनंदसोहळा. पण हा किरकोळ आक्षेप झाला. मोठा आक्षेप तुम्ही वाचताय त्या ‘मेनो’तच आहे.

सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला वाळूतला चौरस दाखवतो. बाजू 2 फूट, क्षेत्रफळ 4. याच्या दुप्पट, म्हणजे 8 क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? पोरगं ठोकून देतं: 4. येतात 16. मग म्हणतं 3. येतात 9. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते शपथेवर सांगतं की मला माहीत नाही. इथे सॉक्रेटिस मेनोकडे, म्हणजे ज्याच्याशी सद्गुणावर बोलणं चाललंय त्याच्याकडे, वळून म्हणतो, बघ, आता हा अपोरियात आहे, आणि मघापेक्षा बरा आहे. आता सांगा, संभ्रम कधी होता? ‘4’ म्हणून छाती पुढे काढली तेव्हा. आता तो फिटला आहे. अडलंय कुठे ते मुलाला लख्ख दिसतंय, फक्त पुढे जायला वाट नाही. जिथे संभ्रम सरतो तिथे अपोरिया सुरू होतो, आणि आपण नेमका उलटा शब्द लिहितो!

माझे एक स्नेही तत्त्वज्ञान शिकवायचे. ते ‘अपोरिया’साठी ‘पेच’वर अडून बसतात. त्यांचा आधार ॲरिस्टॉटल: त्यानं ‘मेटाफिजिक्स’मध्ये अपोरियाला गाठीची उपमा दिली आहे, गाठ ठाऊक नसेल तर ती सोडवणार कशी, वगैरे. उपमा झकास आहे. पण ती ॲरिस्टॉटलची आहे, शब्दाची नाही. शब्दात दोरी नाही, पाणी आहे. आणि ज्यांनी तीस वर्षं हा शब्द फळ्यावर लिहिला त्यांनी एकदाही तो फोडून पाहू नये याचं मला नवल वाटतं.

फोडू या. ‘अ’ आपलाच, नकाराचा. उरला ‘पोरोस’. पोरोस म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. बॉस्पोरस सामुद्रधुनीच्या नावात तोच बसला आहे: ग्रीक पुराणातली गाय झालेली इओ जिथून पार गेली तो गाईचा पोरोस. (इंग्रजांचं ऑक्सफर्डही अर्थानं तेच, बैलांचं.) आता या पोरोससमोर संस्कृतातला ‘पार’ ठेवा, म्हणजे पलीकडचा काठ. ग्रीक ‘गोनु’समोर संस्कृत ‘जानु’ येतो, म्हणजे गुडघा. ‘दोरु’समोर ‘दारु’, म्हणजे लाकूड (देवदारातलं, दुसरी नव्हे). तसाच ‘पोरोस’समोर ‘पार’. एकाच कुळातले. ‘पारंगत’ म्हणजे पलीकडे पोचलेला, आणि मेनो अलीकडच्या काठावर उभा. ‘सद्गुणावर मी हजार वेळा, मोठमोठ्या सभांत भाषणं ठोकली आहेत, आणि आता तो काय ते सांगताही येत नाही’ असं तो कुरकुरतो, आणि सॉक्रेटिसला झटका देऊन बधिर करणाऱ्या चपट्या माशाची उपमा देतो. त्या माशाचं ग्रीक नाव ‘नार्के’, त्याच घरातून ‘नार्कोटिक’ निघाला. असो, मासा बाजूला ठेवू.

मोह होईल की मग ‘अपोरिया’ला ‘अपार’च लिहावं. लिहू नका. कूळ एक असलं तरी आपला ‘अपार’ समुद्राकडे गेला, अथांग झाला, आनंदाला आणि कष्टाला लागू लागला.

खरी मौज पुढे आहे. ग्रीकांनी पोरोसचा अर्थ नदीपाशी ठेवला नाही. पार जायची जागा, मग कुठलाही मार्ग, मग इलाज, मग साधनसामग्री, शेवटी चक्क पैसा. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन यानं अथेन्सचं उत्पन्न वाढवण्याच्या उपायांवर पुस्तिका लिहिली, तिचं नाव ‘पोरोइ’. आता मराठीकडे या. ‘नदीला उतार आहे’ म्हणजे काय? पायी पार होता येतं. तो पोरोस! दुखण्याला ‘उतार’ पडतो. विषावर ‘उतारा’ असतो. नदी, मग आजार, मग विष. मराठी माणसानं ग्रीक न शिकता तीच वाट तुडवली आहे. आणि कळस म्हणजे ‘तरणोपाय’. तरण अधिक उपाय, तरून जाण्याचा इलाज. ‘आता काही तरणोपाय नाही’ असं आजी म्हणायची तेव्हा ती जवळजवळ शब्दशः ‘अपोरिया’ म्हणत होती, आणि आपण कोशात ‘संभ्रम’ शोधतोय.

प्लेटोला हे पाणी दिसत होतं का, असं कोणी विचारेलच. ‘सिंपोझियम’ काढा. ॲफ्रोडायटीच्या जन्माची मेजवानी आहे. पोरोस नावाचा देव अमृत पिऊन झ्यूसच्या बागेत तर्र होऊन पडलाय. दारावर भीक मागायला आलेली पेनिया, म्हणजे दारिद्र्य, त्याच्याशेजारी निजते आणि तिला ईरॉस, म्हणजे प्रेम, होतो. तिनं हे का केलं? प्लेटोचा शब्द आहे: आपल्या ‘अपोरिया’पायी. पोरोस नाही म्हणून पोरोसच गाठला! तिथे ‘संभ्रमापायी’ लिहून पाहा, सगळा विनोद मेला. ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात तर सॉक्रेटिस म्हणतो, माणूस लहान हौदात पडो की भर समुद्रात, पोहावं लागतंच, मग आपणही पोहू या, एखादा डॉल्फिन पाठीवर घेईल किंवा दुसरी कुठली ‘अपोरोस’, म्हणजे वाट नसताना होणारी, सुटका होईल. प्लेटोच्याच ‘फीडो’त सिमियास नावाचा सोबती सांगतो की पक्कं ज्ञान हाती लागत नसेल तर माणसाला सुचलेल्यांतला सर्वांत टिकाऊ युक्तिवाद धरावा आणि तराफ्यासारखा त्यावर बसून आयुष्य पार करावं. हौद, समुद्र, तराफा. गाठ मारायला दोरी कुठे आहे? तराफा बांधायला लागते तेवढीच.

आपल्याकडे तर नदी ओलांडायच्या जागेला ‘तीर्थ’ म्हणतात आणि संस्कृतात गुरूलाही ‘तीर्थ’ म्हणतात. एका गुरूचे शिष्य ते ‘सतीर्थ्य’. सॉक्रेटिसबद्दल मी एवढंच म्हणेन की हा गुरू तीर्थ दाखवत नाही, तुम्ही ज्याला तीर्थ समजत होता तिथे किती खोल पाणी आहे ते दाखवतो. प्लेटोच्या दुसऱ्या एका संवादातला युथिफ्रो तर काठावरूनच ‘मला घाई आहे’ म्हणून सटकतो.

हां, टिपणात काय लिहायचं ते राहिलंच. वाक्यात असेल तर ‘मेनोचा तरणोपाय खुंटला’ असं लिहा, छान चालतं. ‘निरुपाय’ अर्थानं जवळ आहे, पण आपण तो ‘निरुपायानं लग्नाला गेलो’ असा झिजवून टाकलाय. सुटं नाम हवं असेल तर मी स्वतः ‘निरुतार’ असा शब्द वापरतो. दोनदा छापायला दिला. दोन्ही वेळा मुद्रितशोधकानं तो ‘निरुत्तर’ करून टाकला, आणि दुसऱ्या वेळी मी तो तसाच राहू दिला.