पाळीतील वास: कोणता स्वाभाविक, कोणता दाखवावा?

प्रश्न : पाळीच्या दिवसांत मला माशांसारखा उग्र वास जाणवतो. स्वच्छता राखूनही तो जात नाही. काय करावे?

उत्तर : तुमच्या स्वच्छतेत काही उणे आहे, असे मुळीच समजू नका. मुठीत बराच वेळ धरलेल्या नाण्यासारखा सौम्य वास पाळीत स्वाभाविक असतो आणि पॅड दर 4 ते 6 तासांनी बदलल्यास तो वाढत नाही. माशांसारखा वास मात्र बहुधा योनीतील जिवाणूंचे संतुलन बिघडल्याचे लक्षण असते. रक्तामुळे तिथली आम्लता कमी होत असल्याने तो या दिवसांत अधिक जाणवतो. आतून धुतल्यास किंवा सुगंधी साबण वापरल्यास हे संतुलन आणखी ढासळते, म्हणून केवळ बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा. संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा; यावर औषध आहे. ताप किंवा ओटीपोटात दुखणे असेल, तर त्याच दिवशी जावे.