सोलापुरात सीसीटीव्ही बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम कसं शिकावं? पुण्याला कोर्स करू की इथंच कुणाच्या हाताखाली राहू?

तुम्ही लिहिलंय की आयटीआय वायरमन झालाय, घरचे पुण्याला कोर्सला पाठवायला तयार आहेत, पण पैसे घालवायची भीती वाटते. मी ११ वर्षं सोलापुरात हेच काम करतोय. माझं मत विचाराल तर इथंच एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली वर्षभर राहा. आणि त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, नवीन कामापेक्षा मला दुरुस्तीच्या कामाला जास्त न्या.

बसवणं तुम्हाला दोन महिन्यांत जमेल. ड्रिल मारणं, केसिंग पट्टी ओढणं, शिडीवर तोल सांभाळणं येतंच. राहिलं बीएनसी (चित्राच्या केबलची) आणि डीसी (विजेची) पिन जोडणं, आरजे-४५ म्हणजे नेटवर्क केबलची पिन क्रिम्प करणं, म्हणजे पक्कडीनं दाबून बसवणं. आरजे-४५ मधल्या आठ तारांच्या रंगांचा क्रम पाठच करून टाका: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. नेटवर्क केबलवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्याला नेटवर्क स्विचपासून (सगळ्या केबल जिथं येतात ती पेटी) १०० मीटरच्या आत ठेवायचं. एवढं झालं की चार कॅमेऱ्यांचं घर तुम्ही एकटे करू शकता.

पण पोट भरतं ते बिघाड सापडण्यावर. माझं उदाहरण सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात गेटवरचा कॅमेरा रोज अंधार पडला की बंद व्हायचा आणि सकाळी आपोआप सुरू. मी तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा दुपारी. कॅमेरा बदलला, डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीचा) चॅनल बदलला, पिना नव्यानं मारल्या. चौथ्यांदा मालक म्हणाले, "अहो, बिघाड रात्रीचा आहे, तुम्ही दिवसा काय बघताय?" त्या संध्याकाळी मी गेटवर मल्टिमीटर लावून बसलो. उजेड होता तोवर कॅमेऱ्याच्या टोकाला ११ व्होल्ट येत होते. अंधार पडला, कॅमेऱ्याचे आयआर दिवे (अंधारात बघण्यासाठीचे) लागले आणि काटा साडेनऊवर आला. कॅमेरा बंद.

कारण साधं होतं. एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट देणारा डबा, ऑफिसात, गेट सत्तरेक मीटरवर, आणि मध्ये स्वस्तातली थ्री प्लस वन केबल (एकाच आवरणात चित्राची एक आणि बाकीच्या तीन तारा). तिच्यात नुसतं तांबं नसतं, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. रात्री आयआर दिव्यांमुळे कॅमेरा करंट जास्त ओढतो. जितका करंट जास्त तितकं केबलमध्ये व्होल्टेज जास्त पडतं. गेटजवळच डब्यात वेगळा १२ व्होल्टचा ॲडाप्टर बसवला, लांबच्या केबलमधून फक्त चित्र आणलं, काम संपलं. तेव्हापासून मी ग्राहकाला पहिला प्रश्न विचारतो: कधी बंद होतो? आणि त्याच वेळेला जातो.

सोलापूरचे म्हणून काही बिघाड आहेत, ते पुण्याच्या क्लासमध्ये कुणी शिकवणार नाही. पूर्व भागात घराला लागून कापड विणायच्या मागाच्या शेड आहेत. माग चालू असतो तेव्हा हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात. ते डोम कॅमेऱ्याच्या (घुमटासारख्या गोल कॅमेऱ्याच्या) काचेवर बसतात. दिवसा काही कळत नाही, रात्री आयआरचा उजेड त्या तंतूंवरून परत लेन्समध्ये येतो आणि सगळं चित्र दुधासारखं पांढरं दिसतं. ग्राहक म्हणतो कॅमेरा गेला. कॅमेरा गेलेला नसतो, मऊ कापडानं पुसला की झालं. मागाच्या शेडमध्ये मी डोम लावतच नाही, बुलेट (लांबट नळीसारखा कॅमेरा) लावतो, आणि पंधरा दिवसांनी पुसायचा हे कामगाराला तिथंच दाखवून येतो. तिथले बरेच लोक घरी तेलुगू बोलतात. चार वाक्यं शिकून घ्या, माणूस मोकळेपणानं सांगतो की नक्की काय झालं होतं. शिवाय शेडच्या छताच्या लोखंडी कैचीवर कॅमेरा लावू नका. मागाच्या हादऱ्यानं चित्र थरथरतं आणि बीएनसी ढिला होत जातो. भिंत शोधा.

दुसरं म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि लोकांना डीव्हीआर पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद कपाटात लपवून हवा असतो. त्यात हार्ड डिस्क शिजते. वाईट हे की डिस्क गेली तरी टीव्हीवर लाइव्ह चित्र छान दिसत राहतं.

हे मला फार महागात शिकावं लागलं. नवी पेठेतल्या एका दुकानाची वार्षिक देखभाल माझ्याकडे होती. दर भेटीला मी स्क्रीनवर आठही चित्रं बघायचो, काचा पुसायचो आणि सही घेऊन निघायचो. चोरी झाली तेव्हा कळलं, डिस्क दोन महिन्यांपासून बंद होती. एक मिनिटाचंही रेकॉर्डिंग नव्हतं. चूक माझीच होती. त्या दुकानदारासमोर मान वर करून उभं राहता आलं नाही. आता प्रत्येक भेटीला मी कालचं रेकॉर्डिंग चालवून बघतो, सगळ्यात जुना दिवस कोणता ते बघतो आणि दोन्ही वहीत लिहितो. तुम्ही पहिल्या दिवसापासून हे करा.

किती दिवस साठेल याचा हिशेब तोंडी यायला हवा. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला साधारण २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये अकरा दिवसांच्या आसपास. ग्राहक महिनाभराचं मागत असेल तर १ टीबी लावून गप्प बसू नका, हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडा.

डीव्हीआरचं घड्याळही दर वेळी तपासा. आतला सीआर २०३२ सेल उतरला की वीज गेल्यावर तारीखच बदलते. पोलिसांना रेकॉर्डिंग द्यायची वेळ आली तर वेळ जुळली पाहिजे. रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून चालायला प्रमाणपत्र लागतं, पूर्वी त्याला ६५-ब चं प्रमाणपत्र म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहावी लागते.

पासवर्डबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. कंपनीचाच पासवर्ड तसाच ठेवून जाणारे अजून आहेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन इंटरनेटवरच्या मोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. प्रत्येक ग्राहकाला वेगळा पासवर्ड द्या, तो त्यालाच टाइप करायला सांगा, आपल्या मोबाइलमध्ये त्याचं ॲप ठेवू नका. लोकांच्या घरातलं चित्र आहे ते.

कोर्स करायचाच असेल तर नेटवर्किंगचा करा. आयपी ॲड्रेस, सबनेट, गेटवे, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणं) हे पक्कं समजलं पाहिजे, कारण काम आता तिकडेच सरकतंय. सुट्टीच्या दिवसांचा क्लास बघा, हातातलं काम सोडू नका.

या आठवड्यात एवढं करा. एक चांगला मल्टिमीटर, एक साधा कॅमेरा, त्याचा ॲडाप्टर आणि स्वस्तातल्या थ्री प्लस वन केबलचं ९० मीटरचं बंडल घ्या. बंडल उलगडू नका, तसंच ॲडाप्टर आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जोडा. कॅमेऱ्याच्या टोकाला दुपारी व्होल्टेज मोजा, रात्री खोलीतला दिवा घालवून परत मोजा. मग तांब्याची केबल घेऊन हेच करा आणि चारही आकडे लिहून ठेवा. मिस्त्रींकडे पहिल्या दिवशी जाताना तो कागद खिशात असू द्या.