नियम बदलल्यामुळे ड्रम कोअर संपले आहे का, आणि मुलाला पाठवावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाच्या ढोल-पथकातही असतो आणि येत्या हिवाळ्यात त्याला ड्रम कोअरसाठी (मैदानात कवायत करत पितळी वाद्ये आणि ड्रम वाजवणारे अमेरिकेतले तरुणांचे स्पर्धक पथक) ऑडिशन द्यायची आहे, पण एका कार्यक्रमात शेजारी बसलेल्या जुन्या जाणत्या गृहस्थांनी तुम्हाला सांगितले की, मायक्रोफोन आणि सिंथेसायझर मैदानात आले त्याच दिवशी ही कला संपली. त्यामुळे त्याला पाठवावे का, आणि पाठवायचे तर कोणत्या कोअरमध्ये, असे तुम्ही विचारता. हेच वाक्य मी कोअरच्या स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये अनेक उन्हाळे ऐकले आहे आणि ते मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही.

जुन्या लोकांच्या मनातला ‘खरा’ काळ प्रत्येकाचा वेगळा असतो. या स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि ॲनाहाइम किंग्समेन हे कोअर जिंकले, त्या वेळी तीन व्हॉल्व्हच्या (सूर बदलण्यासाठी बोटांनी दाबायच्या झडपांच्या) बिगुलाला परवानगीच नव्हती. दोन व्हॉल्व्ह 1977 साली आले, तीन 1990 साली. 1983 पर्यंत परीक्षक मुलांच्या रांगांमधून फिरत आणि दिसलेल्या किंवा ऐकू आलेल्या प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कापत. 1984 पासून ती पद्धत बंद झाली, तेव्हाही आता शिस्त बुडाली असा आक्रोश झाला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मुले टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम) गळ्यात अडकवून चालत असत. ती वाद्ये मैदानाच्या कडेला जमिनीवर ठेवण्याची मुभा मिळाली, तीही काहींना भ्रष्टाचारासारखी वाटली. पुढे 2000 पासून कोणत्याही पट्टीतली पितळी वाद्ये, 2004 पासून ध्वनिवर्धक, 2009 पासून सिंथेसायझर आणि 2014 पासून ट्रॉम्बोन व फ्रेंच हॉर्नसह सर्व पितळी वाद्ये, असा हा क्रम आहे. तुमच्या मुलाच्या हातातले वाद्य या शेवटच्या नियमामुळेच मैदानात येऊ शकते, हे त्या गृहस्थांनी तुम्हाला सांगितले नसावे.

यातले सगळेच मला आवडते असे नाही. कॅडेट्स या नामवंत कोअरच्या 2006 आणि 2007 च्या कार्यक्रमांत ध्वनिवर्धकावरून केलेले निवेदन वादकांवर अन्याय करणारे होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ट्यूबांच्या आवाजाखाली सिंथेसायझरचा घुमारा सोडून देणे ही तर सरळ फसवणूक आहे, कारण त्या मुलांनी दिवसभर उन्हात उभे राहून कमावलेला सूर श्रोत्याला वेगळा ऐकूच येत नाही. परंतु मरिंब्याला (काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याला) लावलेला मायक्रोफोन ही चांगली गोष्ट आहे. त्याशिवाय वाजवणाऱ्या मुलांना स्टेडियमच्या वरच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यासाठी कठीण काठ्यांनी वाद्य बडवावे लागत असे आणि हलक्या हाताचे वादन ऐकूच जात नसे.

खरा खर्च निराळ्या ठिकाणी होतो. माझी मुलगी ज्या कोअरमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवत असे, ते लहान होते, अंतिम फेरीच्या बारा कोअरांत येण्याची त्याची ऐपत नव्हती. ध्वनियंत्रणा नसेल तर गुणपत्रिकेत मागे पडायचे आणि ती घ्यायची तर शुल्क वाढवायचे, अशा कात्रीत अशी कोअर सापडतात. 100 गुणांपैकी 40 गुण एकूण परिणामासाठी असतात आणि तो परिणाम बऱ्याच अंशी त्याच यंत्रणेवर उभा राहतो. पाऊस येताच आम्ही आयाबाया ताडपत्र्या घेऊन आवाज नियंत्रित करणाऱ्या यंत्राची, म्हणजे साउंड मिक्सरची, गाडी झाकायला धावायचो, कारण ते यंत्र भिजले तर त्याची किंमत पुढच्या वर्षी आमच्याच मुलांकडून वसूल होणार हे सर्वांना ठाऊक होते. एका उन्हाळ्याचे शुल्क तेव्हाही काही हजार डॉलर होते. त्या पैशांत मुले शाळांच्या व्यायामशाळेच्या फरशीवर झोपतात, रात्रभर बसमध्ये प्रवास करतात आणि सकाळी पुन्हा मैदानात उतरतात.

एका हिवाळी शिबिरात, शाळेच्या कॅफेटेरियात, संचालकांनी पालकांची बैठक घेतली आणि नव्या ध्वनियंत्रणेसाठी शुल्क वाढत असल्याचे जाहीर केले. एका वडिलांनी स्पीकर किती आहेत ते विचारले. मी दोन गोष्टी विचारल्या: हा खर्च कोणी मंजूर केला, आणि उद्या एखाद्या मुलाची तक्रार खुद्द संचालकांविरुद्ध असेल तर त्याने ती कोणाकडे न्यावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कार्यकारी मंडळाने’ असे मिळाले. त्या मंडळात त्यांचे जुने सहकारी आणि त्यांनीच घडवलेले माजी सदस्य होते. दुसऱ्यावर ते म्हणाले की मुलांनी केव्हाही आपल्याकडे यावे. खोलीत कोणालाही हे उत्तर अपुरे वाटले नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

त्याच उन्हाळ्यात एका रात्री कार्यक्रमानंतरचे जेवण वाढत असताना ब्रासमधली एक मुलगी रांगेत सर्वांत शेवटी येऊन उभी राहिली. आमच्याकडे वयोमर्यादा संपत आलेली मुले रांगेत पुढे असत आणि नवी मुले मागे, त्यामुळे तिचे मागे असणे नवलाचे नव्हते. पण तिने डबा पुढे केला नाही. घोटा सुजून बुटात मावत नव्हता, तरी उशिरा पोचल्याची शिक्षा म्हणून एका प्रशिक्षकाने तिला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. हे तिने आम्हा स्वयंपाक करणाऱ्यांना सांगितले, कारण सांगायला दुसरे कोणी नव्हते. मी बर्फाची पिशवी बांधून दिली आणि दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेले. कोअरमध्ये शिस्त अशीच राहते, असे मला ऐकवण्यात आले. पुढच्या मोसमात स्वयंसेवकांच्या यादीत माझे नाव नव्हते.

ट्रकमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंनी ऐंशीच्या दशकात सोप्रानो बिगुल वाजवला होता. त्या मायाळू होत्या, कष्टाळू होत्या, पण या प्रकरणात त्या मला म्हणाल्या की तू स्वतः कधी कोअरमध्ये मार्च केलेले नाहीस, तुला हे कळायचे नाही. त्यांचे दुःख बिगुलांची जुनी ‘G’ ही सुरांची पट्टी गेली याचे होते. त्या मुलीच्या घोट्याचे नव्हते. ज्याने मार्च केले त्यानेच बोलावे, हा विचार या क्षेत्रात वरपासून खालपर्यंत मुरलेला आहे.

त्याचे मूळ इतिहासात आहे आणि ते मूळ सन्माननीय आहे, हे मान्य केले पाहिजे. 1971 पर्यंत अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना स्पर्धा भरवत, नियम करत आणि बक्षिसाच्या रकमा ठरवत. ब्लू स्टार्स, कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, सांता क्लारा व्हॅनगार्ड आणि ट्रूपर्स या पाच कोअरनी त्यांच्याविरुद्ध एकी केली आणि त्यातून पुढे ड्रम कोअर इंटरनॅशनल उभे राहिले. आमचे नियम आम्ही ठरवू, ही कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन आणि ट्रूपर्सचे जिम जोन्स यांची मागणी रास्त होती. परंतु ‘आम्ही’ म्हणजे व्यवहारात कोअरचे संचालक असा अर्थ झाला. वाजवणारी मुले मत देत नाहीत, शुल्क भरणारे पालक मत देत नाहीत. मे 2010 मध्ये सात बलाढ्य कोअरनी उत्पन्नात आणि कारभारात आपल्याला मोठा वाटा मिळावा असा प्रस्ताव मांडला, तेव्हा बाकीच्या कोअरना धक्का बसला. तो प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही, पण 2011 पासून त्या सात कोअरचे स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाले. इतके बोलले गेले त्या वादावर, तरी तो संचालकांचा संचालकांशी वाद होता. लहान कोअरमधल्या मुलांना त्यात कोठेही जागा नव्हती.

याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो हे एप्रिल 2018 मध्ये दिसले. कॅडेट्सचे संचालक जॉर्ज हॉपकिन्स, ज्यांनी ध्वनिवर्धक आणि सिंथेसायझरचे प्रस्ताव वर्षानुवर्षे हिरिरीने लावून धरले होते, यांच्यावर अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केल्याची बातमी फिलाडेल्फियाच्या दैनिकात आली आणि त्यांनी राजीनामा दिला. ते 1980 च्या दशकापासून त्या पदावर होते. त्यांच्या सिंथेसायझरवर या क्षेत्रातल्या लोकांनी जितका राग काढला, त्याच्या एक दशांश लक्ष जरी त्यांच्या हातातल्या अमर्याद अधिकाराकडे दिले असते, तर काही मुलींचे आयुष्य वाचले असते, असे मला वाटते. न्यू जर्सीतील गारफिल्डमध्ये 1934 साली सुरू झालेले, दहा वेळा अजिंक्यपद मिळवलेले हे कोअर जानेवारी 2024 मध्ये बंद पडले; काही दशकांपूर्वीच्या अत्याचाराबाबतचा खटला आणि त्याचा आर्थिक बोजा त्यांना पेलला नाही. त्याआधी सांता क्लारा व्हॅनगार्डसारखे, 2018 चे विजेते कोअर, पैशांच्या ओढाताणीमुळे 2023 च्या मोसमात उतरू शकले नव्हते. ही दोन नावे ड्रम कोअरमध्ये मोठ्यांत मोठी आहेत. त्यांना जे झाले त्यात मायक्रोफोनचा दोष काय होता?

तुमच्या मुलाबद्दल. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याने बॅरिटोन किंवा युफोनियमवर ऑडिशन द्यावी, कारण ओठांना लावायचा माउथपीस मिळताजुळता असतो आणि बहुतेक कोअरमध्ये ट्रॉम्बोनच्या जागा मोजक्याच असतात. हात सरकवण्याऐवजी बोटांनी वाजवायची सवय त्याने आतापासून करावी. ढोल-पथकाचा अनुभव पायांच्या तालासाठी उपयोगी पडेल, श्वासासाठी नाही, त्यामुळे त्याने चालताना आणि पळताना सूर धरण्याचा सराव करावा. कोणते कोअर हे मी सांगणार नाही. गुणतक्ता पाहून निवडू नका, एवढेच सांगते. शिबिराला स्वतः जा आणि विचारा: संचालकांना पदावरून कोण दूर करू शकते, कार्यकारी मंडळात संचालकांचे मित्र किती आणि बाहेरचे किती, मुलाने रात्री तक्रार करायची झाली तर संचालकांखेरीज कोणाला फोन करायचा, दुखापत झालेल्या मुलाला मैदानाबाहेर काढण्याचा शेवटचा शब्द वैद्यकीय मदतनिसाचा की प्रशिक्षकाचा. नावे आणि फोन क्रमांक लेखी मिळाले तर पाठवा. ‘आम्ही सगळे एक कुटुंब आहोत’ असे उत्तर मिळाले तर दुसरे कोअर पाहा.

येथे हे सांगायला हवे की मी एकाच लहान कोअरचा कारभार आतून पाहिला आहे आणि 2018 नंतर मुलांच्या सुरक्षिततेबाबतचे नियम अधिक कडक झाले आहेत. चांगले संचालक आणि जीव ओतून शिकवणारे प्रशिक्षकही मी पाहिले आहेत. माझ्या मुलीला तो उन्हाळा आजही प्रिय आहे आणि ती तुमच्या मुलाला ‘जा’ असेच सांगेल. त्या बिगुलवाल्या बाई माझ्या प्रश्नाला आगाऊपणा म्हणत असत. तुम्हालाही शिबिरात कोणी म्हणेल, ‘तुम्ही मार्च केलेले नाही, तेव्हा विचारू नका.’ तरीही विचारा, कारण मुलगा तुमचा आहे आणि शुल्काचा धनादेश तुमच्या सहीचा आहे.